नळीतले खड्डे

बोथ्याच्या घाटाखाली, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आबांचं शेत. मक्याची कणसं दुधात आली की रानडुकरं उतरायची, सोयाबीनमध्ये रोह्यांचा कळप शिरायचा. म्हणून घरात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी होती. प्राणी मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आबांचे बार बहुतेक हवेतच निघाले. आता नजर अधू झाली. पोरं पुण्याला, त्यांना बंदूक नको होती. आबांनी ती विकायचं ठरवलं.

साफसफाईसाठी ती त्यांनी परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडे नेली. त्यानं नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या. डावी स्वच्छ होती. उजवीत काडतूस बसतं त्याच्या थोडं पुढे सुईच्या टोकाएवढे काही खड्डे होते. एका निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायच्या घाईत आबांनी रात्री बार उडवल्यावर नळी पुसलीच नव्हती. जळका मळ आणि पावसाळी दमट हवा, दोघांनी मिळून आतून गंज धरला होता.

“गजाला एमरी पेपर गुंडाळून फिरवतो,” कारागीर म्हणाला. “आरशासारखी होईल. घेणाऱ्याले कळणारबी नाही.”

“खड्डे भरतीन का त्यानं?”

“भरत नाहीत. बाजूचं पोलाद घासून त्याईच्या बरोबरीले आणायचं.”

“म्हणजे नळी पातळ होईन. अन् बार उडवताना तिच्याजवळ गाल कोणाचा राहीन?”

आबांनी पितळी ब्रशनं फक्त साचलेलं शिसं आणि मळ काढून घेतला. नळीच्या भिंतीची जाडी मोजून घेतली. ती पुरेशी भरली. खड्डे होते तसेच राहिले. आबांच्या या निर्णयाचं मोल मला फार वाटतं. खड्डा दिसत असला तर घेणारा सावध राहतो. चकचकीत केलेली पातळ नळी त्याला काहीच सांगत नाही.

पलीकडच्या गावातला एक तरुण शेतकरी पाहायला आला. त्याला परवाना नुकताच मिळाला होता. आबांनी आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मग नळ्या काढून त्याच्या हाती दिल्या.

“उजवीत पाह्य. आतल्या उजेडाची कडी कुठं तुटते?”

तरुणाला ठिपके दिसले आणि त्याचा चेहरा उतरला. आबा म्हणाले, “छर्ऱ्याच्या माऱ्यात यानं फरक नाही पडत. पण इथं मळ अडकते. बार झाला की त्याच रात्री पुसायचं, तेल द्यायचं. माह्यासारखी हयगय केली तर खड्डे वाढतीन.” त्यांनी किंमत आपणहून उतरवली आणि विक्रीच्या कागदावर उजव्या नळीतल्या खड्ड्यांचा उल्लेख लिहायला लावला.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार खाजगी विक्रीची लेखी सूचना, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्यात द्यावी लागते आणि ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्राचा हातबदल होत नाही. सूचना दिली गेली. आबांनी तरुणाला बजावलं, “एवढ्या दिवसांत मन बदललं तर मोकळा हायेस. इसार घेत नाही मी.”

मन डळमळलंच. एका नातेवाइकानं दुसरीकडची बंदूक सुचवली, आतून लखलखीत आणि किमतीलाही कमी. तरुण पाहायला गेला. कडी अखंड दिसत होती. त्यानं एवढंच विचारलं, “नळीची जाडी कारागिराकडून मोजून घेऊ का?” मालकानं नळ्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. पटत नसेल तर राहू दे, म्हणाला.

मुदत संपल्यावर परवान्यांवरच्या नोंदी झाल्या. बंदुकीचा क्रमांक आबांच्या परवान्यावरून उतरला, तरुणाच्या परवान्यावर चढला. पैसे मोजताना तरुणानं पहिल्या दिवशीची, न उतरवलेली रक्कम पुढे केली.

“आबा, एवढे तुमचेच हायेत. मले आता नळी पाहता येते.”

आबांनी वरच्या नोटा वेगळ्या काढून परत केल्या. “मधल्या दिवसांत खड्डे भरून आले का? ठरली तेवढीच दे. अन् हा गज, हा ब्रश घेऊन जाय, याचे पैसे नाहीत.”