किल्ल्यातील बसदी आणि अहिंसेचा प्रश्न

देशावरून गोव्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर बेळगावच्या भुईकोटाची नजर असे. म्हणूनच त्याचे धनी वारंवार बदलले. गोव्यापाठोपाठ १४७३ मध्ये बहमनी फौजांनी तो विजयनगरकडून घेतला, पुढे तो आदिलशाहीत गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोने पेशव्यांच्या शिबंदीकडून जिंकला. किल्ल्यातील कमल बसदी हे जैन मंदिर मात्र या साऱ्या सत्तांच्या आधीचे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ते १२०४ च्या सुमारास बांधले.

ज्या धर्मात अहिंसा हेच परम व्रत, त्याचे मंदिर युद्धासाठी उभारलेल्या तटाच्या आत कसे? शिवाय बसदीतील मूर्ती नेमिनाथांची. लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेली जनावरे पाहून वरातीतूनच माघारी फिरलेले आणि संसार सोडलेले हे तीर्थंकर.

जैन आचारशास्त्र याचे उत्तर दोन पातळ्यांवर देते. मुनीची महाव्रते निरपवाद, गृहस्थाची अणुव्रते मर्यादित. गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. ठरवून केलेली ती संकल्पी, रांधण्या-झाडण्यात होणारी आरंभी, शेती-व्यवसायातील उद्योगी आणि आक्रमण परतवताना घडणारी विरोधी. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ उपासकाने, संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. उरलेल्या तिन्ही शक्य तेवढ्या कमी करायच्या. निपाणी-चिकोडी भागातील जैन शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मरतात, ती उद्योगी हिंसा. तट राखणाऱ्या सैनिकाची विरोधी.

मात्र मुभा म्हणजे निर्दोषत्व नव्हे. तत्त्वार्थसूत्रानुसार प्रमादाने, म्हणजे क्रोध-लोभासारख्या कषायांच्या आहारी जाऊन, केलेला प्राणघात ही हिंसा. त्यामुळे रक्षणासाठी उचललेले शस्त्रही द्वेषाने वा लोभाने चालले, तर कर्मबंध घट्ट होतो. स्वसंरक्षण आणि राज्यविस्तार यांतील सीमा इथेच ठरते, आणि ती तटापेक्षा मनात अधिक असते.

अणुव्रतांकडून महाव्रतांकडे जाणाऱ्या या शिडीची वरची पायरी याच मुलखात दिसते. निपाणीजवळच्या भोज गावच्या शेतकरी घराण्यातील आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) यांनी नांगर सोडून दिगंबर मुनिव्रत घेतले. मंत्री बीचिराज खालच्या पायरीवर होता. बसदी बांधल्याने त्याच्या राज्यकारभारातील हिंसा पुसली गेली, असे शास्त्र म्हणत नाही. दान हे पुण्य, हिंसा हे पाप, दोन्हींची फळे वेगळी. किल्ल्यातील नेमिनाथ तिथल्या शस्त्रांना आशीर्वाद देत नाहीत. ती कधीतरी खाली ठेवायची आहेत, एवढेच ते सुचवतात.