गर्दी हवी आहे

लिब्रवुल्फ हा ब्राउझर रोजच्या कामाला घेतला की पहिली गडबड होते ती वेळेची. सकाळी साडेदहाला आलेली ईमेल काही संकेतस्थळांवर पहाटे पाचची दिसते. आपण भारतातून बोलतोय हे समोरच्याला कळू नये म्हणून ब्राउझर सगळ्यांना सरसकट ग्रीनिचची वेळ सांगतो. टॉर ब्राउझर तर पानाभोवती करडी पट्टी सोडतो, पडद्याचं खरं माप सापडू नये म्हणून. लिब्रवुल्फ बंद केला की कुकीही पुसल्या जातात, म्हणजे रोज नव्यानं लॉगिन आणि बँकेचा नवा ओटीपी. सेटिंग बदलल्याशिवाय ओटीटीवरचा सिनेमाही लागत नाही.

एवढा जाच कशासाठी? कुकी चुकवायच्या तर सोपे मार्ग आहेत. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी शोधून काढली ती संकेतस्थळाला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. लोकांचा माग काढण्यासाठी तिचा वापर जाहिरातवाल्यांनी केला. सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये परक्या संकेतस्थळांच्या कुकी सरसकट अडवल्या. त्याच वर्षी गूगलनंही दोन वर्षांत त्या बंद करू असं सांगितलं आणि २०२४ मध्ये बेत गुंडाळला. (जाहिरातीवर जगणाऱ्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी! पण मग हेही सांगायला हवं की लिब्रवुल्फ ज्या फायरफॉक्सवर उभा आहे, तो बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलच्याच करारातून येतं.)

खरा पेच कुकीच्या पलीकडे आहे. पडद्याचं माप, फॉन्ट, वेळ, भाषा, ब्राउझरची आवृत्ती या बाबी एकेकट्या निरुपद्रवी. एकत्र केल्या की ठसा तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये आपल्या चाचणीत आलेले ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कुणाशीही जुळला नाही. कुकी पुसता येते, ठसा पुसता येत नाही. इन्कॉग्निटोची खिडकीही इथे कामाची नाही. ती फक्त आपल्याच मशीनवर मागे काही ठेवत नाही.

इथे सावध माणसाची पंचाईत होते. दहा एक्स्टेंशनं लावून, सेटिंगं पिळून तो स्वतःला जितका जपतो, तितका वेगळा दिसतो आणि सापडतो. वारीत पांढरी टोपी घातलेला माणूस दिसेनासा होतो, लोखंडी चिलखत घातलेला नाही. म्हणून टॉर आणि लिब्रवुल्फ तुम्हाला अदृश्य करत नाहीत, इतरांसारखं करतात. ब्रेव्ह ब्राउझरची तऱ्हा वेगळी: तो ठशात थोडी थोडी भेसळ करत राहतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क व्यक्तीचा आहे आणि तसाच असायला हवा. पण व्यवहारात तो एकट्याच्या बळावर पुरा मिळत नाही. शेजारीपाजारी तोच ब्राउझर वापरत नसतील, तर तुमचा खासगीपणा अर्धाच.

मराठी माणसाला याची झळ थोडी जास्त लागते. ब्राउझर प्रत्येक पान मागताना आपली पसंतीची भाषाही कळवतो. तिथे मराठी निवडली की ठशात एक ठळक रेघ वाढते, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर आणि संगणकावर इंग्रजीच असते. टॉरमध्ये खासगीपणा वाढवण्यासाठी पानं इंग्रजीतूनच मागवण्याची सोय दिलेली आहे. म्हणजे लपायचं तर आधी भाषा सोडायची. ही अट मला मान्य नाही. ज्याला सरकारपासून किंवा गुंडांपासून जीव वाचवायचा आहे, त्या पत्रकारानं ती जरूर पाळावी. त्याच्यासाठी टॉरच हवा. जाहिरातवाल्यांची नजर चुकवणाऱ्या तुम्हाआम्हाला एवढं भ्यायचं कारण नाही.

लॉगिन केलेल्या ठिकाणी मात्र कुठलाच ब्राउझर तुम्हाला झाकत नाही, तिथे तुम्ही नावानिशी हजर असता. त्यामुळे बँक, तिकिटं आणि सिनेमा जुन्या ब्राउझरमध्ये राहू द्या; बातम्या, आजारांची माहिती, वाचन, शोधाशोध लिब्रवुल्फसारख्या नव्यात करा. वेळेची गंमत चार दिवसांत अंगवळणी पडते. राहिली भाषेची रेघ. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. त्यातल्या थोड्यांनी जरी असा ब्राउझर घेऊन त्यात भाषा मराठी ठेवली, तरी ती रेघ ठळक राहणार नाही. तुमच्यापासून सुरुवात करा.