खालच्या अंगाचा शेजारी

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढरांविषयी एक तक्रार आहे. काही मेंढरे निवळ पाणी स्वतः पितात व उरलेले पायांनी गढूळ करितात. मागून येणाऱ्यांस तेच प्यावे लागते. प्रिय वाचकहो, हा अध्याय आपण बहुधा मेंढपाळांस, म्हणजे पाळकांस व पुढाऱ्यांस लावितो. परंतु येथे दोष मेंढरांचा आहे. पाणी पिणे हे पाप नव्हे. प्याल्यानंतर मागच्याचे देणे काय, हा प्रश्न आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया व नेवाडा ह्या राज्यांच्या सीमेवर टाहो नावाचे सरोवर आहे. १९६८ साली त्यात पांढरी तबकडी सोडिली असता ती सरासरी सुमारे १०० फूट खोलीपर्यंत दिसे. दक्षिण तीरावर वस्ती वाढली, तसे सांडपाणीही वाढले. सांडपाणी साधारण रीतीने शुद्ध केले, तरी स्फुरद व नत्र त्यात विरघळलेले राहतात. शेतकऱ्यास ही दोन्ही खते ठाऊक आहेत. जे शेतात पिकास पोसते, तेच पाण्यात शेवाळास पोसते. म्हणून तेथील लोकांनी एक लहानसे, परंतु फार पुढारलेले शुद्धीकरणगृह उभारिले. ते १९६८ साली पूर्णत्वास आले. तेथे पाण्यात चुना घालीत, म्हणजे स्फुरद त्याच्याशी मिळून तळाशी बसे. चुन्याने अमोनिया मोकळा होई. तो उंच मनोऱ्यात हवेच्या झोताने उडवून देत. कडाक्याच्या थंडीत मात्र मनोऱ्यात बर्फ धरे व काम अडे. पुढे गाळणीचे थर, मग कोळशाचे कण, शेवटी क्लोरीन. वापरलेला चुना व कोळसा भट्टीत तापवून पुन्हा कामास लावीत; आपल्या सुगरणींस हा काटकसरीपणा आवडेल.

इतके करूनही ते पाणी सरोवरात सोडिले नाही! पंपांनी खिंडीवर चढवून, सुमारे २७ मैल दूर, शेजारच्या आल्पाईन परगण्यातील एका जलाशयात नेले. १९६९ च्या कायद्याने तर टाहोच्या खोऱ्यात असे पाणी सोडण्यास बंदीच झाली.

येथे सरळ मनाचा मनुष्य विचारील : पाणी शुद्ध होते, तर आपल्या सरोवरात का नको? आणि नव्हते, तर दुसऱ्याच्या खोऱ्यात का? ह्यास एक उत्तर आहे. जो नत्र निर्मळ सरोवरास रोग, तोच कुरणास अन्न. १९८९ पासून ते पाणी हार्वी प्लेस नावाच्या दुसऱ्या जलाशयात साठवून शेतीस देतात. तरी हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण पहिला जलाशय पुढे स्फुरदाच्या आधिक्याने बिघडला. पाणी धुऊन पाठविले, हे पाठविणाऱ्यास भूषणावह खरे. पण ते पुरेसे धुतले की नाही, हे ठरविण्यात घेणाऱ्याचाही शब्द असावा.

आपल्यांतील पुष्कळांस हे समजाविण्याची गरज नाही. आपल्या वाडवडिलांचा पाणवठा गावाने खालच्या अंगाला नेमून दिला होता. वरचे धुणे, वरची गुरे, सर्व त्यांच्या घागरीत येई, आणि त्यांचा शब्द कोणी विचारीत नसे. आज ज्यांच्या दारी नळ आला व मोरी झाली, ते न कळत वरच्या अंगाला जाऊन बसले आहेत. आपल्या मोरीचे पाणी कोणाच्या विहिरीकडे झिरपते, हे किती उपदेशकांनी पाहिले असेल? मीही हा लेख लिहावयास बसेपर्यंत पाहिले नव्हते.

टाहोच्या लोकांनाही एक गोष्ट उशिरा दिसली. सांडपाणी खोऱ्याबाहेर गेले, तरी सरोवराची पारदर्शकता घटतच राहिली. अलीकडे तबकडी सरासरी ६० ते ७५ फुटांतच दिसेनाशी होते. मुख्य कारण रस्त्यांवरून व वस्तीतून पावसाबरोबर वाहून येणारी अतिसूक्ष्म धूळ. ती एका नळातून येत नाही. प्रत्येकाच्या अंगणातून थोडी थोडी येते. म्हणून तिच्यासाठी आता रस्त्यांच्या कडेला पाणी मुरविण्याची कुंडे खोदण्याचे व रस्ते झाडून घेण्याचे काम तेथे चालले आहे.