अंधारातला कौल

सिनेमाचे शौकीन ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. चित्रपटगृहातून बाहेर पडताना डोळे पुसावे लागले, की एकाला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. तर दुसऱ्याला दोन-अडीच तास खुर्चीच्या कडेवर बसून पाय अवघडल्याखेरीज चैन पडत नाही. पहिल्याला आपण नाट्यप्रेमी म्हणू, दुसऱ्याला रहस्यप्रेमी. मी स्वतः दोन्ही घरचा पाहुणा. म्हणीतल्या पाहुण्यासारखा उपाशी मात्र आजवर राहिलेलो नाही. हैदराबादेत ते शक्यही नाही. तेलुगू चित्रपट इथे पावलापावलाला, हिंदी त्याच्या खालोखाल. इंग्रजी पाहायचे तर एके काळी सिकंदराबादचे ‘संगीत’ होते, ते आता राहिले नाही. मराठी चित्रपट क्वचित येतो, पण आला की साऱ्या ओळखीच्या मंडळींची गाठ तिथेच पडते.

इतकी वर्षे या दोन घरी जेवल्यावर एक प्रश्न मात्र घशात अडकून राहिला आहे. चित्रपटगृहाच्या अंधारात आपण कोणाची तरी बाजू घेतो, कोणी सुटावा म्हणून जीव मुठीत धरतो, कोणी मरावा म्हणून वाट पाहतो. या अंधारातल्या कौलाची काही जबाबदारी आपल्यावर असते का? की पडदा पडला, दिवे लागले आणि हिशेब मिटला?

हा विचार करताना चित्रपटांचे शेवट सांगणे मला भाग आहे. शेवट सांगू नये हा रसिकांचा जुना शिष्टाचार आहे आणि तो मी एरवी पाळतो. पण नैतिक प्रश्न बहुधा शेवटाशीच दडलेले असतात. ज्यांना ते कोरेच राहू द्यायचे आहेत त्यांनी हे पान उलटावे; राग नाही.

प्रथम शब्दांचा गोंधळ निस्तरू. आपण ‘रहस्यपट’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबतो. एक म्हणजे कोडे. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) समोर उभी असलेली ही बाई नेमकी कोण, हे कोडे आहे, त्याच कथेवरून राज खोसला यांनी १९६६ साली ‘मेरा साया’ काढला. ‘इत्तेफाक’मध्ये (१९६९) खुनी कोण, हे कोडे आहे. त्यात मास्टर विनायकांच्या कन्येचा, नंदाचा, सोज्ज्वळ चेहरा पाहून आपण जो विश्वास टाकतो, त्यावरच दिग्दर्शकाने सारा डाव मांडला आहे. कोडे सुटले की अशा चित्रपटाचे निम्मे काम संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे ताण. हिचकॉकने हा फरक फार सोपा करून सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोट होताच पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. ठाऊक असेल तर टेबलाभोवतीच्या फालतू गप्पा ऐकताना पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. म्हणजे ताण अज्ञानातून येत नाही, तो जाणिवेतून येतो. आणि ज्याला आपण जाणतो, ज्याच्यावरचे संकट त्याच्याबरोबर मोजतो, त्याचे आपण नकळत होऊन जातो. तो भला की बुरा हा प्रश्न मागे पडतो. भय हा सहानुभूतीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

याचा पुरावा हिचकॉकच्याच ‘सायको’त (१९६०) आहे. जिच्याबरोबर आपण पाऊण तास प्रवास केला त्या तरुणीचा न्हाणीघरात खून होतो. मोटेलचा मालक नॉर्मन फरशी पुसतो, प्रेत तिच्याच गाडीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी सारे प्रेक्षागृह श्वास रोखते. कशासाठी? ती बुडावी म्हणून! थोड्या वेळापूर्वी जिच्यासाठी हळहळलो, तिचे प्रेत सापडू नये असे आता आपल्याला वाटत असते.

याच गाडीची आपल्याकडची बहीण ‘दृश्यम’मध्ये आहे. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. पुढच्या दोन वर्षांत तो कन्नडात व्यंकटेशविना आणि तेलुगूत व्यंकटेशसह आला, तमिळमध्ये कमल हासनने केला, आणि २०१५ साली हिंदीत निशिकांत कामत यांनी तो गोव्यात नेऊन बसवला. आपल्यासारख्या दुभाषी घरांतून तर तो दोन-दोन भाषांत पाहिला गेला असेल. हिंदीतला विजय साळगावकर चौथी नापास, केबलचा धंदा करणारा आणि रात्र-रात्र सिनेमे पाहणारा गृहस्थ. त्याच्या मुलीचे आंघोळीचे चित्रीकरण करून एक तरुण तिला धमकावतो; झटापटीत मुलीच्या हातून तो मरतो. तो असतो पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा एकुलता मुलगा. विजय प्रेत नाहीसे करतो, गाडी खाणीच्या पाण्यात बुडवतो आणि पाहिलेल्या सिनेमांच्या जोरावर पोलिसांना झुलवतो. गाडी पाण्यात जाताना आपण पुन्हा श्वास रोखतो. कोचीचा प्रेक्षक असो की हैदराबादचा, बेळगावचा असो की चेन्नईचा. चित्रपटाची भाषा बदलली, नायकाचे नाव आणि देवही बदलला, पण कौल कुठेच बदलला नाही.

या चित्रपटाचे आमच्या शहराशी दोन धागे आहेत. मीरा देशमुखचे काम करणारी तब्बू जन्माने हैदराबादची. आणि दिग्दर्शक कामत यांचा अंतही इथल्याच एका रुग्णालयात १७ ऑगस्ट २०२० रोजी, अवघ्या पन्नाशीत झाला. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) हा त्यांचा पहिला चित्रपटही याच प्रश्नाभोवती फिरणारा. त्यातला माधव आपटे नियमाने जगता जगता पिचतो आणि एके दिवशी बॅट हातात घेऊन स्वतःच न्याय करत सुटतो. त्यालाही आपण टाळ्या दिल्या होत्या.

‘दृश्यम’वर आमच्या मित्रमंडळींत बराच वाद झाला. बहुतेकांचे म्हणणे असे, की पोराने केले ते किळसवाणे होते, बापाने मुलीला वाचवले, यात नीती-अनीतीचा कीस कशाला? पहिला भाग मला मान्य आहे. त्या मुलीला दोष देणारा माणूस मला भेटू नये. अब्रूवर बेतल्यावर तिने केलेल्या वाराचा विचार कोणतेही न्यायालय सहानुभूतीनेच करील. पण टाळी त्या वाराला पडत नाही, ती पडते त्यानंतरच्या चतुराईला. विजय काय करतो? हॉटेलवाला, बसचा वाहक, सिनेमाचे यंत्र चालवणारा अशा भल्या माणसांच्या स्मरणात तो चुकीची तारीख पेरतो. ते कोणी खोटे बोलत नाहीत. ते मनापासून बोलतात आणि असत्याची साक्ष देतात. प्रामाणिक माणसाचा प्रामाणिकपणाच परस्पर वापरणे, ही गोष्ट मला प्रेत पुरण्याइतकीच गंभीर वाटते. आणि नेमकी तीच पाहताना आपल्याला गंमत वाटते.

आणि मीरा? चित्रपटभर ती आपल्या माणसांवर आलेले संकट आहे. तिच्या डोळ्यांदेखत एका लहान मुलीला मार बसतो, म्हणून तिचा राग यावा हे रास्तच. पण शेवटी वर्दी उतरवून ती आणि तिचा नवरा विजयपुढे येतात. मुलाची वाट पाहायची की नाही, एवढेच त्यांना कळायला हवे असते. विजय सारे न सांगता पुरेसे सांगतो. इथे पहिल्यांदा आपल्याला दिसते, की इतका वेळ जिला चुकवले ती एक आई होती आणि तिच्या मुलाला अग्नीही मिळालेला नाही. रहस्यपट इथे नाट्याच्या उंबऱ्यावर येतो. माझी तक्रार अशी, की तो आत पाऊल टाकत नाही. लगेच पुढच्या प्रसंगात प्रेत नव्या पोलीस ठाण्याखालीच पुरलेले आहे हे कळते, शिट्ट्या वाजतात आणि ती आई विसरली जाते.

नाट्य यापेक्षा निराळे काय करते, ते पाहायला आमच्याच मातीतले श्याम बेनेगल यांच्याकडे जावे. १९३४ साली सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत जन्मलेले आणि निजाम कॉलेजात शिकलेले बेनेगल २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांचा पहिला कथापट ‘अंकुर’ (१९७४) हैदराबादजवळच्या खेड्यात घडतो. जमीनदाराचा मुलगा सूर्या आपल्याकडे कामाला असलेल्या लक्ष्मीला जवळ करतो आणि ती गरोदर राहताच हात झटकतो. तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या परत येतो, बायकोला दिवस गेलेले पाहून हरखतो आणि काम मागायला जमीनदाराकडे निघतो. हातात काठी असते. सूर्याला वाटते, हा सूड घ्यायला आला. तो त्याला चाबकाने फोडून काढतो.

हिचकॉकचा बॉम्ब इथेही आहे, पण तो टेबलाखाली नाही, अपराध्याच्या मनात आहे. किष्टय्याच्या काठीत काहीच नाही हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे भय सूर्याचे असूनही आपण सूर्याचे होत नाही. त्याची भीती हीच त्याची कबुली ठरते.

पुढच्याच वर्षीच्या ‘निशांत’ने तर प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पटकथा विजय तेंडुलकरांची, काळ १९४५ चा, प्रदेश तेलंगणचा. जमीनदाराच्या घरचे लोक शाळामास्तरची बायको पळवून नेतात. कोणी दाद घेत नाही. आपण चित्रपटभर एकच इच्छा करतो, की गाव पेटून उठावे. अखेर गाव उठते. जुलमी मरतात, आणि त्यांच्याबरोबर घरातली निरपराध सूनही मरते. जिच्यासाठी हे सारे झाले ती मास्तरची बायकोसुद्धा जमावाच्या तडाख्यातून वाचत नाही. तुम्हाला जे हवे होते ते हे घ्या, त्याची किंमतही पाहा, असे चित्रपट सांगतो. तिथे टाळी वाजत नाही.

यावर कोणी म्हणेल, सिनेमा तो सिनेमा. पण अंधारात लागलेल्या सवयी उजेडात सुटतात असे मला वाटत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर अत्याचार करून तिला मारण्यात आले. साऱ्या शहराचे रक्त खवळले, ते खवळायलाच हवे होते. चौघांना अटक झाली. ६ डिसेंबरच्या पहाटे शादनगरजवळ ते चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, मिठाई वाटली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यात उघड झाला. स्वसंरक्षणाची हकीकत आयोगाला विश्वसनीय वाटली नाही. आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष त्याने काढला. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असेही अहवालात नमूद आहे. प्रकरण पुढे तेलंगण उच्च न्यायालयाकडे सोपवण्यात आले.

फुले उधळणारे लोक दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. तुमच्या-माझ्यासारखेच होते. पण त्या सकाळी त्यांना खटल्याची गरज वाटली नाही, कारण शेवट त्यांच्या मनाजोगा लागला होता. ते चौघे गुन्हेगार होते की नव्हते, हे न्यायालयात सिद्ध होण्याची वेळच आली नाही. आणि त्या दुर्दैवी मुलीलाही न्यायालयाचा निकाल मिळाला नाही. मिळाला तो केवळ शेवट.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. अंधारात कोणी सुटावा असे वाटणे हे पाप नव्हे. ती इच्छा भयातून येते आणि भय मागून येत नाही. पण दिवे लागल्यावर त्या इच्छेची झडती न घेणे, हा मात्र आपला आळस आहे. जो रहस्यपट ही झडती घ्यायला लावतो तो थोर. जो टाळीत ती बुडवतो तो कितीही चतुर असला तरी उणाच.

सीमेवर राहणाऱ्या आपणा मंडळींना तर याचा सराव हवा. आपल्या गावात एकच भांडण दोन भाषांत सांगितले जाते आणि प्रत्येक भाषेत खलनायक वेगळा असतो. ज्याला एकच भाषा येते त्याच्या वाट्याला एकच चित्रपट येतो. आपल्याला दोन्ही कळतात. पलीकडची आई काय म्हणते तेही ऐकू येते. ते ऐकूनही टाळी वाजवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी रहस्यपट पाहणे सोडणार नाही. आवडलेला प्रत्येक रहस्यपट मात्र मी दुसऱ्यांदा पाहतो. शेवट ठाऊक असल्यामुळे तेव्हा भय नसते, आणि पहिल्या खेपेला जिच्याकडे लक्षच गेले नव्हते, ती माणसे दिसू लागतात.