सण कोणासाठीं?

मनुष्य ज्या हवेंत वाढतो त्या हवेचा विचार तो करीत नाहीं. हवा पालटली म्हणजेच तिची आठवण होते. रूढीचेंही तसेंच आहे. आमच्या परभणीस एखाद्या घरीं बारसें, उष्टावण किंवा हळदीकुंकू झालें, तर तें कां केलें असें कोणी विचारीत नाहीं. शेजारणी येतात, पोरें अंगणांत धुडगूस घालतात, कार्य उरकतें, आणि त्यांतून मुलाला जें मिळावयाचें तें कोणी मुद्दाम न देतां मिळून जातें. परंतु तेंच कुटुंब दोन लहान मुलांसह परदेशीं जाऊन राहिलें कीं, कालपर्यंत जें आपोआप होत होतें तें ठरवून करावें लागतें. आणि जें ठरवून करावयाचें त्याविषयीं 'कां?' व 'कोणासाठीं?' हे प्रश्न टाळतां येत नाहींत. त्यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत परभणी हें निजामाच्या राज्यांतील एक जिल्ह्याचें ठिकाण होतें. १९७२ सालीं येथें कृषि विद्यापीठ निघालें, शिक्षण वाढलें, आणि ज्या घरांतील आजोबा हैदराबादेपलीकडे क्वचितच गेले होते त्याच घरांतील नातवंडें आज डॅलस, लंडन किंवा मेलबर्न येथें वाढत आहेत. वसमत रस्त्यावरील किंवा गंगाखेड रस्त्यावरील वसाहतींत सकाळीं डोकावलें, तर मोबाइलच्या पडद्यावर नातवाला न्याहाळणारें एखादें वृद्ध जोडपें हटकून दिसतें. अमेरिकेंत त्या वेळीं रात्र झालेली असते. सून दमलेली असते. मुलाला झोप आलेली असते. आणि तरीही त्यास नवा सदरा घालून, पडद्यापुढें उभें करून, 'आजीला नमस्कार कर' असें सांगण्यांत येतें. तो नमस्कार मुलाच्या हितासाठीं, आजीच्या समाधानासाठीं, कीं आपण कांहीं सोडलें नाहीं असें आईबापांनीं आपल्याच मनाला पटविण्यासाठीं? सणसमारंभांविषयीं विचारावयाचा प्रश्न तोच.

ह्या बाबतींत दोन पक्ष आढळतात. पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मूल देशीं असतें तर जें त्यास लाभलें असतें तें सर्व परदेशींही लाभलें पाहिजे. सण यथासांग व्हावे, घरीं मराठीच बोलावी. ह्या पक्षानें केलेलें कार्य लहान नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें आहे. उत्तर अमेरिकेंतील मंडळांना एकत्र जोडणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. आणि आठवडाभर नोकरी करून हातीं आलेला रविवार मुलांच्या मराठी शाळेकरितां विनावेतन देणारे आईबाप तेथें आहेत. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मूल ज्या शाळेंत जातें व ज्या सवंगड्यांशीं खेळतें त्यांचेंच तें होणार. आजोबांच्या गांवाचें ओझें त्याच्या पाठीवर कशाला? आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु मुलाला काय द्यावें किंवा देऊं नये एवढाच विचार दोघेही करितात. त्या समारंभांत मुलानें काय करावें, हें दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.

मुख्य मुद्द्याकडे वळण्यापूर्वीं एका नेहमींच्या आक्षेपाचा निकाल लावूं. परदेशांतील गणपति शनिवारीं बसतो आणि दिवाळी पुढच्या रविवारीं येते, हा धर्माचा खेळखंडोबा आहे, असें कित्येक म्हणतात. परंतु आमच्याच घरांतून संक्रांतीचें हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत आणि चैत्रगौरीचें अक्षय्य तृतीयेपर्यंत सोईच्या दिवशीं होत आलें आहे. फार कशाला, खुद्द संक्रांतही एका तारखेला चिकटून राहिलेली नाहीं. १८६३ सालीं ती १२ जानेवारीस होती, व स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशींचा. आज ती १४ किंवा १५ तारखेस येते. आणि मेलबर्नला तर ती ऐन उन्हाळ्यांत येते. परभणीच्या कडाक्याच्या थंडींत तीळगुळाला आणि काळ्या वस्त्राला जें प्रयोजन आहे तें तेथें उरत नाहीं. तेव्हां तिथि, ऋतु व पदार्थ हीं सणाचीं वस्त्रें होत. तीं बदलल्यानें सण खोटा ठरत नाहीं. खोटेपणा येतो तो दुसऱ्या वाटेनें.

ती वाट अशी. आमच्याकडे सणाच्या दिवशीं मूल हें घरांतलें एक माणूस असतें. त्याला दुकानावर पिटाळतात, पाट मांडावयास लावतात, शेजारीं ताट पोंचवावयास धाडतात, आणि वाटेंत लाडू मोडला म्हणून रागावतात. परदेशांत आईबापांना हौस फार आणि मनुष्यबळ थोडें; म्हणून सर्व सिद्धता तींच करितात, आणि मुलाला नटवून मध्यभागीं बसवितात. सण मुलासाठीं आहे असें सर्व म्हणतात. पण त्या सणांत मुलाला करावयास कांहींच नसतें. त्याचें काम एवढेंच कीं, नीट बसावें आणि छायाचित्र चांगलें येऊं द्यावें. कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालीं असा नियम सांगितला कीं, कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये. तो स्वतःच साध्य आहे हें विसरूं नये. हा नियम मोठ्यांना तेवढा लागू आणि लहानांना नाहीं, असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. आपली घरओढ शमविण्यासाठीं किंवा परभणीस छायाचित्र धाडण्यासाठीं मुलाला उभें करणें, हा प्रेमानें केलेला असला तरी वापरच होय.

कोणी विचारील कीं, मग मुलाच्या वतीनें ठरविण्याचा आईबापांना अधिकारच नाहीं काय? अधिकार आहे; पण तो मालकाचा नव्हे, विश्वस्ताचा आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या तेव्हां त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांस आश्रय मिळाला, व त्याच वर्षीं मायलेकींनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु रमाबाईंनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. आणि मनोरमेला धर्मशिक्षण कशा प्रकारचें मिळावें ह्यावरून त्यांचा सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशीं जो वाद झाला तो त्यांच्या पत्रव्यवहारांत नमूद आहे. दोघींचेंही त्या मुलीवर प्रेम होतें. आश्रय देणारांस वाटे कीं, जी ममतेनें सांभाळते तिला वळण लावण्याचाही अधिकार येतो. आईचें म्हणणें असें कीं, उपकार किती झाले तरी मुलीविषयींचा निर्णय उपकारकर्त्यांच्या हातीं जात नाहीं. आम्हांस रमाबाईंचा पक्ष योग्य वाटतो. पण गोष्ट येथें संपत नाहीं. मनोरमाबाई पुढें मोठ्या झाल्यावर आईच्या संस्थांतून शिकवूं लागल्या, आणि १९२१ सालीं, आईच्या एक वर्ष आधीं, मृत्यु येईपर्यंत त्या कार्यांत राहिल्या. ज्या शिकवणुकीबद्दल मोठ्यांनीं एवढा वाद केला तिच्यामुळें नव्हे, तर हातीं घेतलेल्या कामामुळें त्या ह्या देशाच्या झाल्या, असें आम्ही समजतों.

आतां सणाचा खरेपणा ओळखावा कसा, ह्याची कसोटी आमच्याच एका बालसमारंभांत आहे. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांस बोरन्हाण घालतात. काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घातलेलें मूल पाटावर बसतें. त्याच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओततात. आणि भोंवतीं जमलेलीं मुलें तें लुटतात. ह्या विधींतील मर्म पाहण्यासारखें आहे. ज्याच्या मस्तकावर संपत्ति ओतली जाते त्याच्या हातीं ती राहत नाहीं. ती भोंवतालच्या पोरांची होते. उत्सवमूर्ति एक, पण लाभ सर्वांचा. वर्षा-दोन वर्षांच्या बालकाला हें समजत नाहीं. पण पुढच्या वर्षीं तेंच दुसऱ्याच्या पाटाभोंवतीं गुडघ्यांवर रांगून बोरें वेंचतें, आणि तेव्हां त्याला कांहींतरी कळतें. परदेशांत बोराच्या जागीं चॉकलेट आलें तर आमची तक्रार नाहीं. परंतु लूट बंद करून प्रत्येक मुलाच्या हातीं सारखी पुडी दिली, कीं बोरन्हाण संपलें. जमिनीवरचें खाऊं नये, भांडण होऊं नये, हीं कारणें समंजस आहेत. तरी स्वच्छ चादर अंथरून तीं दूर करतां येतात, हेंही तितकेंच खरें.

जे समाज फार पूर्वीं बाहेर गेले त्यांचा अनुभव काय सांगतो? मॉरिशसमध्यें मराठी माणसें एकोणिसाव्या शतकांत गेलीं. घरांतली रोजची भाषा पुष्कळांची पालटून क्रेओल झाली. तरी गणेशचतुर्थी टिकली, इतकी कीं ती तेथें सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. आणि कोंकणांतला जाखडी नाचही टिकला. कोंकणांतील बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्रायलांत गेले. तेथें त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें, आणि पोहे, खोबरें, गूळ व फळें ह्यांचें ताट मध्यें ठेवून करावयाचा मलिदा त्यांच्या घरीं अद्यापि होतो. दोन्ही ठिकाणीं टिकलें तें असें कीं, जें एकट्यानें करतां येत नाहीं व ज्यांत दुसऱ्याला वाटा द्यावा लागतो. जें केवळ सांगून शिकवावें लागतें तें पिढी-दोन पिढ्यांत क्षीण होतें. जें मिळून करावें लागतें तें भाषा गेली तरी राहतें.

ह्याच जिल्ह्यांतील गंगाखेडची जनाबाई आम्हांस येथें आठवते. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं येऊन राहिली, असें परंपरा सांगते. नामदेव त्या घरचे पुत्र. परकें गांव, परकें घर. त्या पोरीला कोणी पाटावर बसवून नटविलें असेल असें वाटत नाहीं. तिच्या वांट्याला जातें आलें, केर आला, पाणी आलें. आणि त्या घरांतील भक्ति तिनें ह्या कामांतून आपली केली. दासीपणाचें कौतुक करण्याचा आमचा हेतु नाहीं. लहान मुलीला राबविणें तेव्हांही क्रूर होतें. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, घर आपलें होतें तें त्यांत आपल्या हाताला काम मिळाल्यानें. केवळ कौतुकानें होत नाहीं.

तेव्हां परदेशांत राहणाऱ्या आमच्या तरुण आईबापांस आम्ही असें सुचवूं. सण थोडे करा, पण मुलांच्या हातून करा. चार वर्षांचें मूल पानें मांडूं शकतें. सहा वर्षांचें पाहुण्याला पाणी देऊं शकतें. दहा वर्षांची मुलगी शेजारच्या म्हातारीकडे फराळाचें ताट घेऊन जाऊन हें काय आहे तें आपल्या शब्दांत सांगूं शकते. तें सांगतांना तिला जें सुचेल तेंच तिचें मराठीपण. तुमच्याकडून पाठ केलेलें नव्हे. तसेंच, दुसऱ्याच्या सणाला मुलांस न्या. परभणीस शाह तुराबुल हक ह्यांचा उरूस फेब्रुवारींत भरतो, तेव्हां कोणत्याही धर्माच्या घरचीं मुलें त्या जत्रेंत दिसतात. त्यामुळें कोणाचें घर सुटलें असें आमच्या ऐकिवांत नाहीं. नाताळाला शेजाऱ्यानें बोलाविलें असतां मुलाला तेथें पाहुणा म्हणून वागतां आलें, तरच तें घरीं आलेल्याचा यजमान होऊं शकेल.

ह्यांत एक धोका आहे, तो लपवूं नये. ज्याला काम दिलें त्याला मतही येतें. मोठेपणीं तें मूल म्हणेल कीं, हा सण मी करणार नाहीं. किंवा दुसऱ्याच रीतीनें करीन. विश्वस्तानें ठेव परत केल्यावर ती कशी खर्च होते ह्यावर त्याचा ताबा राहत नाहीं. हें दुःख आईबापांनीं आधींच पत्करलें पाहिजे. ज्यांना तें पत्करवत नाहीं ते मुलाला कांहीं देत नसून त्याच्यापाशीं आपलें कांहीं गहाण ठेवीत आहेत.

आणि हा उपदेश समुद्रापलीकडच्यांसाठींच आहे असें नव्हे. परभणींतही आतां बारसें मंगल कार्यालयांत होतें, जेवण आचारी वाढतो, आणि घरचीं मुलें खुर्च्यांवर बसून मोबाइल पाहतात. तिकडच्या मुलांना निदान रूढि परकी आहे हें दिसतें. इकडच्यांना ती आपली आहे असा भास होतो, इतकाच भेद. म्हणून वसमत रस्त्यावरील आजीआजोबांसही एक विनंती. पडद्यावर नातू दिसला म्हणजे त्याचा सदरा पाहूं नये, नमस्कारही मागूं नये. आज घरीं कोण आलें होतें, आणि त्यांना तूं काय वाढलेंस, एवढें विचारावें. उत्तर इंग्रजींत आलें तरी ऐकून घ्यावें.