समुद्राचें देणें

ज्या कृत्यामागें दुष्ट हेतु नाहीं, त्यापासून झालेल्या हानीचें दायित्व कर्त्याकडे येतें काय? नीतिशास्त्राचा हा जुना प्रश्न ग्रंथांत वाचतांना कोरडा वाटतो. परंतु दापोलीच्या समुद्रकांठीं उभें राहून तो विचारला म्हणजे त्यास देह प्राप्त होतो.

कर्द्याच्या वाळूंतील शिंपला आणि खोल पाण्यांतील पोंवळें हीं एकाच द्रव्याचीं बनलेलीं आहेत. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हें ज्या कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचें एक ठाणें होतें, त्यांचेंच नांव धारण करणारी ‘आंग्रिया बँक’ ही पोंवळ्यांची बुडालेली भूमि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरांवर आहे. मालवणास सिंधुदुर्गाच्या आसपासही पोंवळीं आहेत. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. पोंवळ्याचा इवलासा प्राणी समुद्रांतील कॅल्शियम घेतो, त्याची कार्बोनेटाशीं सांगड घालतो आणि आपलें घर बांधतो.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पावसाळ्यांत नद्यांचें गोडें पाणी मिसळून किनाऱ्याजवळ तें कांहीं काळ उणें होतें. पण खुल्या समुद्रांत त्याचा तुटवडा नाहीं. तुटवडा पडत आहे तो त्याच्या जोडीदाराचा, कार्बोनेटाचा. कोळसा व खनिज तेल जाळून आपण जो कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत सोडतों, त्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. त्याचें सौम्य आम्ल बनतें व तें कार्बोनेट खाऊन टाकतें. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारें ३० टक्क्यांनीं वाढली आहे. मागावर ताणा भरलेला असावा आणि बाण्याचें सूत संपत यावें, तशी ही अवस्था. वाढत्या उष्णतेनें पोंवळीं पांढरीं पडतात, तो घाव आणखी निराळा.

यांत अपराधी कोण? पोंवळ्यांचा द्वेष कोणीच केला नाहीं. म्हणून पापाची कल्पना येथें लंगडी पडते. परंतु मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरीं पांच ‘सूना’, म्हणजे हिंसेचीं पांच स्थानें, सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. मुंग्या माराव्या म्हणून कोणी चूल पेटवीत नाहीं. तरी शास्त्र गृहस्थास मोकळें सोडीत नाहीं, आणि चूल विझवावयासही सांगत नाहीं. तें नित्य पंचमहायज्ञ करून भरपाई करावयास सांगतें. त्या विधींवर आपली श्रद्धा असो वा नसो, त्यामागील विवेक सूक्ष्म आहे. हेतु नसल्यामुळें मनुष्य पापी ठरत नसेल, पण तो ऋणी ठरतो. आणि ऋण घेतलेल्या रकमेवर मोजावयाचें असतें. हर्णैच्या कोळ्याची एक होडी आणि श्रीमंताच्या दाराशीं उभ्या असलेल्या चार मोटारी यांचें देणें सारखें नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कोट्यवधि चुलींत माझी एक चूल ती काय? पोंवळ्याचा एक जीव बहुधा कांहीं मिलिमीटरांचाच असतो. भिंतीच्या बांधणींत त्याचाही वाटा असाच नगण्य. त्यानें हाच हिशेब मांडला असता, तर समुद्रांत एकही भिंत उभी राहिली नसती. तेव्हां वाटा लहान म्हणून दायित्व नाहीं, हें म्हणणें टिकत नाहीं.

कोंकणांत शिंपले भाजून चुना करीत. भाजतांना त्यांतून हाच वायु निघे. परंतु भिंतीस लावलेला चुना कठीण होतां होतां त्यांतील पुष्कळसा हवेंतून परत घेई. जळणाचा धूर मात्र आपण होऊन परत येत नाहीं. चुन्याची भिंत जें न सांगतां करीत असे, तें आपणांस समजून उमजून करावें लागेल: कमी जाळावें, आणि ज्यानें अधिक जाळलें त्यानें अधिक फेडावें. मराठींत ‘देणें’ म्हणजे दान आणि ‘देणें’ म्हणजे कर्जही. समुद्राचें पहिलें देणें आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलों. दुसऱ्याचा हिशेब आतां उघडला पाहिजे.