सहीचा अर्थ

फ्रेंच राज्यक्रांतीचे नाव निघाले की डोळ्यांसमोर बास्तीयचा तुरुंग येतो, खवळलेला जमाव येतो आणि गिलोटीनचे पाते येते. शालेय पुस्तकांतील ही चित्रे आमच्या मनावर इतकी ठसली आहेत की, तो सारा इतिहास रस्त्यावरच घडला असे वाटू लागते. वास्तविक त्यातील फार मोठा भाग बंद खोलीत, मेजाभोवती आणि कागदावर घडला. दहशतीच्या काळात रीतसर शिक्षा फर्मावून मारलेल्या माणसांची संख्या सुमारे सतरा हजार होते. त्यांतील प्रत्येकामागे एक आदेश होता आणि प्रत्येक आदेशाखाली कोणाची तरी सही होती. आयुष्यातील उत्तम वर्षे सरकारी दफ्तरात घालविणाऱ्या आमच्यासारख्यांना हा इतिहास वाचताना जमावापेक्षा त्या सहीचाच विचार अधिक अस्वस्थ करतो.

३० मार्च १७९४ च्या रात्री पॅरिसमध्ये लोकसुरक्षा समिती आणि सर्वसाधारण सुरक्षा समिती यांची संयुक्त बैठक भरली होती. दांताँ व त्याच्या साथीदारांना अटक करण्याचा आदेश पुढे आला. दांताँ म्हणजे क्रांतीचा गर्जणारा आवाज. ज्या क्रांतिकारी न्यायालयापुढे त्याला आता उभे करावयाचे होते, त्याच्या स्थापनेसाठी वर्षभरापूर्वी त्यानेच आग्रह धरला होता. उपस्थितांपैकी बहुतेकांनी सह्या केल्या. लोकसुरक्षा समितीतील रोबेर लँदे याने मात्र नकार दिला. त्याच्याकडे धान्यपुरवठ्याचे खाते होते. आपण येथे नागरिकांना अन्न पुरविण्यासाठी आहोत, देशभक्तांना मारण्यासाठी नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. पुढे ५ एप्रिलला दांताँचा शिरच्छेद झाला. म्हणजे लँदेच्या नकाराने कोणाचाही जीव वाचला नाही. मग त्या नकाराची किंमत काय?

हा प्रश्न विचारण्यापूर्वी लँदे कोणी साधुपुरुष होता असा समज होऊ देऊ नये. सोळाव्या लुईवरील आरोपांचा अहवाल डिसेंबर १७९२ मध्ये त्यानेच लिहिला होता, आणि राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मतही दिले होते. मार्च १७९३ मध्ये क्रांतिकारी न्यायालयाची योजना मांडणाऱ्यांतही तो होता. शिवाय दांताँच्या अटकेनंतर त्याने समिती सोडली नाही. धान्याचे काम तो तसाच करीत राहिला. रेषा त्याने उशिरा ओढली आणि तीही एकाच ठिकाणी. परंतु ओढली, एवढे खरे.

त्याच समितीत लाझार कार्नो होता. हा गणिती व सैनिकी अभियंता. चारही बाजूंनी शत्रूंनी घेरलेल्या फ्रान्सच्या सैन्यांची जुळवाजुळव त्याने रात्रंदिवस खपून केली. त्याने दांताँच्या अटकेवर सही केली. रोबेस्पिएरच्या पतनानंतर, १७९५ च्या मार्चमध्ये, जुन्या समितीच्या सभासदांवर आरोपांची झोड उठली, तेव्हा कार्नोने राष्ट्रीय परिषदेत एक खुलासा केला. त्याचा मथितार्थ असा की, कामे वाटून घेतलेली होती, रोज शेकडो कागद पुढे येत, आणि एकाने तयार केलेल्या कागदावर इतरांनी सही करावयाची ती केवळ रीत म्हणून. ती सही म्हणजे संमती नव्हे. पुढे त्याच्याही अटकेची मागणी झाली, तेव्हा ‘याने विजयाची बांधणी केली’ असे कोणीतरी ओरडले आणि तो बचावला, अशी कथा आहे.

आम्ही हा खुलासा वाचला तेव्हा प्रथम राग आला आणि नंतर शरम वाटली. राग आला तो कार्नोचा. शरम वाटली ती स्वतःची. सायंकाळी निघण्याच्या घाईत, हाताखालच्या माणसाने पुढे सरकविलेल्या कागदांच्या चळतीवर, खुणेची जागा पाहून सह्या करीत सुटण्याचा अनुभव कोणाला नाही? तेव्हा आम्हीही मनाशी हेच म्हणत असतो, की ज्याने टिपणी लिहिली त्याने विचार केला असेल, वरच्याने मान्यता दिली आहे, आपली सही काय, मधली. कार्नो खोटे बोलत नव्हता. मोठ्या कारभारात प्रत्येक कागद प्रत्येकाने मुळापासून तपासावयाचा म्हटले तर राज्यच थांबेल. हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही, म्हणूनच तो भयंकर आहे. टिपणी लिहिणारा म्हणतो, मी फक्त सुचविले. वरचा म्हणतो, खालून आले तेच मी मान्य केले. मधला म्हणतो, मी केवळ रीत पाळली. अशा रीतीने एक माणूस मारला जातो आणि मारणारा कोणीच सापडत नाही.

तरीही कार्नोला एवढ्यावरच निकालात काढणे न्यायाचे होणार नाही. १८०४ मध्ये नेपोलियनला सम्राटपद देण्याचा ठराव आला, तेव्हा त्रिब्यूनातमध्ये त्याविरुद्ध बोलणारा तो एकटाच होता. त्यानंतर तो बाजूला झाला. आणि १८१४ मध्ये फ्रान्सवरच आक्रमण आले तेव्हा त्याच नेपोलियनकडे जाऊन त्याने अँटवर्पच्या संरक्षणाची जबाबदारी मागून घेतली. बूर्बाँ राजे परत आल्यावर तो हद्दपार झाला आणि १८२३ मध्ये माग्देबुर्ग येथे परक्या भूमीत वारला. एकटे उभे राहण्याचे धैर्य त्याला होते. मग १७९४ च्या त्या रात्री ते कोठे गेले? आम्हांला वाटते, धैर्य त्याच्यापाशी होते, लक्ष नव्हते. सभागृहातील ठराव हा त्याला नीतीचा प्रश्न वाटला आणि मेजावरचा कागद हा कामाचा भाग वाटला. आमच्यापैकी पुष्कळांचे असेच होते. मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेली सदसद्विवेकबुद्धी किरकोळ कागदापाशी झोपलेली असते, आणि कोणता कागद किरकोळ हे आधी कळत नाही.

येथे आणखी एका अधिकाऱ्याची आठवण होते. मालझेर्ब हा राजेशाहीचा चाकर. १७५० पासून तेरा वर्षे ग्रंथप्रकाशनावरील नियंत्रण त्याच्याकडे होते. थोडक्यात, तो सेन्सॉर होता. १७५२ मध्ये दिदरोच्या विश्वकोशाची हस्तलिखिते जप्त करण्याची वेळ आली, तेव्हा याने दिदरोला आधी कळविले आणि कागद लपवावयास स्वतःचे घर देऊ केले. पुढे राजाच्या जाचक करांविरुद्ध त्याने राजालाच खडे बोल सुनावले. आणि १७९२ मध्ये राजा कैदी झाल्यावर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याचे वकीलपत्र घेण्यास तो आपण होऊन पुढे आला. २२ एप्रिल १७९४ रोजी त्याला गिलोटीनवर चढविण्यात आले. त्याच दिवशी त्याची मुलगी, नात आणि नातजावई यांचाही वध झाला. सत्ताधारी राजापुढे प्रजेची बाजू आणि विजयी प्रजेपुढे राजाची बाजू त्याने घेतली. वरवर विसंगत दिसणाऱ्या या वर्तनात एक सूत्र आहे: कागदापलीकडचा माणूस त्याला दिसत असे.

क्रांती मावळली तरी कागद मावळला नाही. १८०० मध्ये नेपोलियनने जिल्ह्याजिल्ह्यांत प्रीफेक्ट नेमले. १८०४ ची दिवाणी संहिता फ्रेंच सैन्यामागोमाग हॉलंड, इटली, ऱ्हाईनकाठ येथे पोहोचली. प्रशियात पराभवानंतर श्टाईनसारख्या मंत्र्याने १८०७ मध्ये भूदासत्व रद्द करण्याचा आदेश काढला. जमावाने नव्हे, दफ्तराने केलेली ती क्रांती होती. १८१५ नंतर राजे परतले, परंतु नवी दफ्तरे त्यांनी बहुतांशी ठेवून घेतली. ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर तर फ्रेंच संहिता १९०० पर्यंत टिकली. समतेचा लाभ लक्षावधींना झाला तो या दफ्तरांमुळेच. पण ज्या नोंदवहीने माणसाला धर्मनिरपेक्ष नागरिक केले, तिनेच त्याचे वय मोजून त्याला सक्तीच्या सैन्यभरतीत ओढून रशियाच्या बर्फात पाठविले. १७९४ मध्ये एका सहीने वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. १८०२ मध्ये दुसऱ्या सहीने ती पुन्हा चालू झाली, आणि फ्रेंच वसाहतींतून कायमची जावयास १८४८ उजाडावे लागले.

तेव्हा लँदेच्या नकाराची किंमत काय, या प्रश्नाकडे पुन्हा वळू. त्याने दांताँ वाचला नाही हे खरे. परंतु सही म्हणजे संमती नव्हे, असे म्हणण्याची वाट त्या एका नकाराने बंद केली. एकाला नाही म्हणता आले, म्हणजे इतरांनाही येत होते. विशेष हे की, १७९५ मध्ये समितीवर आरोप झाले तेव्हा या सही न करणाऱ्यानेच, कारभार सर्वांचा होता आणि जबाबदारीही सर्वांची, असे परिषदेत ठासून सांगितले. नकार हे त्याने स्वतःच्या सुटकेचे साधन केले नाही. नेपोलियनची चाकरी त्याने पुढे नाकारली आणि १८२५ मध्ये तो अंथरुणावर पडून साधेपणाने वारला.

सुदैवाने आमच्या पुढ्यातील कागदांनी कोणाचे शिर उडत नाही. कोणाचे निवृत्तिवेतन अडते, कोणाची जमीन जाते, कोणाची बदली आजारी आईपासून हजार मैलांवर होते. त्या कागदावर सही करणे पुष्कळदा योग्यच असते. परंतु ती करण्यापूर्वी मजकूर एकदा वाचावा आणि खालचे नाव आपले आहे हे ओळखावे, एवढे तरी कोणत्याही राज्यात, कोणत्याही खात्यात, कोणत्याही माणसाच्या हाती उरतेच.